शब्द किती लांब असतो? चीनमधल्या च्वांग भाषेने हा साधा प्रश्न अवघड करून ठेवलाय

चीनची 100 युआनची नोट कधी हातात आली, किंवा गुगलवर तिचा फोटो दिसला, तर मागची बाजू नीट बघा. चिनी भाषेसोबत तिथे आणखी चार भाषा असतात. मंगोल, तिबेटी, उइघुर आणि चौथी रोमन लिपीत छापलेली, इंग्रजीसारखी दिसणारी पण इंग्रजी नसलेली एक भाषा. अनेकांना ती चिनी भाषेचंच रोमन स्पेलिंग वाटते. ती आहे च्वांग.

नोटेवर बँकेचं नाव च्वांगमध्ये साधारण असं आहे : 'शुंगको यिनमिन यिनहांग'. म्हणजे चीनची जनता बँक. आणि रक्कम लिहिलीय 'इत पाक मान', म्हणजे शंभर युआन.

आता जरा मोजून बघू. रकमेत तीन शब्द आहेत आणि तिन्ही शब्द एका झटक्यात बोलून संपतात. बँकेच्या नावातही तीनच शब्द आहेत, पण प्रत्येकाचे दोन तुकडे पडतात. शुंग-को, यिन-मिन, यिन-हांग. बाजारात रोज तोंडात येणारे शब्द एका तुकड्याचे आणि सरकारी, कागदोपत्री शब्द दोन तुकड्यांचे. च्वांग भाषेतल्या शब्दांच्या लांबीची अर्धी गोष्ट या एका नोटेवर छापलेली आहे.

(आपल्या 100 च्या नोटेवर मराठीत 'शंभर रुपये' असतं. शब्द दोनच, पण तुकडे पाच. ही तुलना पुढे कामाला येईल.)

च्वांग म्हणजे नेमकी कोणाची भाषा?

च्वांग हा चीनमधला सगळ्यात मोठा अल्पसंख्याक समाज. 2020 च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे 1 कोटी 95 लाख होती. यातले सगळेच आज च्वांग बोलतात असं नाही, पण बोलणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. बहुतेक लोक दक्षिण चीनमध्ये, व्हिएतनामच्या सीमेला लागून असलेल्या क्वांग्शी च्वांग स्वायत्त प्रदेशात राहतात. त्याची राजधानी नाननिंग. शेजारच्या युन्नान प्रांतातल्या वेनशान भागातही त्यांची वस्ती आहे.

भाषा चीनमधली असली तरी ती चिनी भाषेची बोली नाही. तिचं कूळ ताई, म्हणजे थाई आणि लाओ या तिच्या बहिणी. आकडे ऐकले की नातं लगेच कळतं. तीनला थाईत 'साम', च्वांगमध्येही 'साम'. पाचला दोन्हीकडे 'हा'. याच कुळातल्या खामती, फाके, आइतोन या भाषा भारतात अरुणाचल प्रदेश आणि आसाममध्ये बोलल्या जातात. आसाममधल्या 'नामफाके' गावाच्या नावातला 'नाम' म्हणजे पाणी. च्वांगमध्ये पाण्यासाठी जो शब्द आहे तो याच 'नाम'चा लांबचा भाऊ, फक्त त्याची सुरुवात 'र'ने होते.

च्वांगच्या बोली इतक्या वेगवेगळ्या आहेत की उत्तरेकडच्या माणसाला दक्षिणेकडच्याचं बोलणं कळेलच असं नाही. प्रमाण भाषा ठरवताना नाननिंगजवळच्या वूमिंग भागातली बोली आधाराला घेतली गेली. या लेखातली उदाहरणं त्याच प्रमाण भाषेतली आहेत.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. च्वांग ही सुरांची भाषा आहे आणि देवनागरीत सूर दाखवायची सोय नाही. त्यामुळे इथे दिलेले उच्चार अंदाजे आहेत.

लांबी मोजायची कशात?

'शब्दाची लांबी' म्हटलं की आपण अक्षरं मोजायला लागतो. पण 'अक्षर' हा मराठी शब्दच इथे घोळ घालतो. 'क' हे अक्षर, 'क्षे' हेही अक्षर आणि इंग्रजी 'बी' हेही अक्षर. म्हणून या लेखात तीन वेगळी मापं वापरू. रोमन लिपीत लिहिताना कागदावर जेवढी चिन्हं येतात ती रोमन अक्षरं. तोंडातून निघणारे सुटे आवाज म्हणजे ध्वनी. आणि एका झटक्यात बोलला जाणारा तुकडा म्हणजे सिलेबल. 'शंभर' या शब्दात 'शं' आणि 'भर' अशी दोन सिलेबल आहेत.

च्वांग शिकणाऱ्यांना सहा सूर लक्षात राहावेत म्हणून एक ठरलेलं वाक्य शिकवतात. उच्चार साधारण असा : 'सोन मुंग हुन मा क्वा ता'. अर्थ, 'तुला घोड्यावर बसून नदी ओलांडायला शिकवतो'. सहा शब्द आणि प्रत्येक शब्दाचा सूर वेगळा, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत ओळीने.

आता हे वाक्य तिन्ही मापांनी मोजू.

सिलेबल मोजली तर सहा शब्दांत सहा. प्रत्येक शब्द एक सिलेबलचा, विषय संपला.

ध्वनी मोजले तर 15 होतात ('क्वा'मधली जोडी एकच ध्वनी धरली आहे). म्हणजे एका शब्दाला सरासरी अडीच ध्वनी.

रोमन अक्षरं मोजली तर मात्र 22 भरतात. सरासरी 3.7 च्या आसपास.

15 ध्वनींना 22 अक्षरं का लागली? दोन कारणं आहेत. एक म्हणजे 'मुंग'मधल्या शेवटच्या एका ध्वनीसाठी इंग्रजीसारखीच 'एन' आणि 'जी' अशी दोन अक्षरं लागतात. दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. च्वांगमध्ये सूर अक्षराने लिहितात.

उच्चार नसलेली अक्षरं

व्हिएतनामी भाषेत सूर दाखवायला अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी खुणा करतात. च्वांगने तसं केलं नाही. सिलेबलच्या शेवटी एक जादा अक्षर लावायचं, ते बोलायचं नाही, ते फक्त सूर सांगतं. दुसऱ्या सुराला 'झेड', तिसऱ्याला 'जे', चौथ्याला 'एक्स', पाचव्याला 'क्यू', सहाव्याला 'एच'. पहिल्या सुराला काहीच नाही.

म्हणजे 'एम-ए' एवढंच लिहिलं तर 'मा', अर्थ कुत्रा. त्याच्यापुढे 'एक्स' लावला तरी उच्चारात 'मा'च, पण सूर बदलला आणि कुत्र्याचा घोडा झाला. कागदावर घोडा कुत्र्यापेक्षा दीडपट लांब आहे, कानाला दोघं सारखेच. मोजणाऱ्याने यातलं काय खरं धरायचं?

ज्या सिलेबलच्या शेवटी प, त, क हे ध्वनी येतात तिथे वेगळं अक्षर जोडत नाहीत. तिथे सूर कुठला हे शेवटचं अक्षर 'पी-टी-के' आहे की 'बी-डी-जी' यावरून कळतं. त्यामुळे अशा शब्दांची लांबी वाढत नाही. शंभरसाठीचा 'पाक' तीन ध्वनींचा आणि तीनच अक्षरांचा आहे, तर युआनसाठीचा 'मान' तीन ध्वनींचा असूनही पाच अक्षरांचा.

हा हिशोब किती फरक पाडतो ते बघायला संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा घेऊ. तो शेकडो भाषांमध्ये उपलब्ध आहे, त्यामुळे भाषांची तुलना करणाऱ्यांचं हे आवडतं साहित्य. त्याच्या पहिल्या कलमातलं पहिलं वाक्य, सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत हे सांगणारं.

च्वांगमध्ये या वाक्यात 13 शब्द आणि 73 रोमन अक्षरं आहेत. सरासरी 5.6. इंग्रजीत 12 शब्द आणि 51 अक्षरं, सरासरी 4.25. एवढंच बघितलं तर कोणीही म्हणेल, च्वांगचे शब्द इंग्रजीपेक्षा चांगलेच लांब आहेत.

पण त्या 73 पैकी 15 अक्षरं केवळ सुरांची आहेत. पाचातलं एक. ती काढली की सरासरी 4.5 वर येते आणि इंग्रजीशी असलेला फरक जवळजवळ मिटतो. सिलेबल मोजली तर च्वांग 1.46 आणि इंग्रजी 1.42. दोघीही सारख्याच.

आणि मराठी? त्याच वाक्याच्या मराठी अनुवादात 14 शब्द आणि बोलायच्या पद्धतीने मोजली तर सुमारे 31 सिलेबल, म्हणजे शब्दामागे 2.2. पुढच्याच वाक्यात तर मराठीने 'सदसद्विवेकबुद्धी' हा आठ सिलेबलचा शब्द वापरलाय. तिथे च्वांगमध्ये 'लिएंगसिम' आहे. दोन सिलेबल, काम झालं.

1982 साली शब्द एका रात्रीत लांबले

च्वांगची रोमन लिपी 1957 मध्ये सरकारने मंजूर केली. तेव्हाच्या लिपीत निव्वळ रोमन अक्षरं नव्हती. काही रशियन वळणाची अक्षरं होती, काही उच्चारशास्त्रात वापरली जाणारी खास चिन्हं होती. कल्पना स्वच्छ होती : एका ध्वनीला एक चिन्ह. सुरांसाठीची चिन्हं तर थेट 2, 3, 4, 5, 6 या आकड्यांसारखी दिसणारी निवडली होती.

अडचण आली टाईपरायटर आणि छापखान्यात. अशी अक्षरं असलेली यंत्रं आणणार कुठून? शेवटी 1982 मध्ये लिपी सुधारली आणि सगळं साध्या 26 इंग्रजी अक्षरांत बसवलं. पण 26 अक्षरांत सगळे ध्वनी मावत नाहीत, म्हणून जिथे एक चिन्ह होतं तिथे दोन अक्षरांची जोडी आली.

परिणाम काय झाला? 'पर्यंत' या अर्थाचा 'तंग' हा शब्द 1957 च्या लिपीत चार चिन्हांचा होता. 1982 नंतर तो सहा अक्षरांचा झाला. आकाशासाठीचा 'बुन' तीनवरून चारवर गेला. बोलणाऱ्या एकाही माणसाने उच्चार बदलला नाही, पण रोमन अक्षरांत मोजणाऱ्याच्या तक्त्यात अख्खी भाषा लांबली.

म्हणूनच शब्दांच्या लांबीचा अभ्यास करणारे बहुतेक जण भाषा-भाषांची तुलना करताना सिलेबल किंवा ध्वनी मोजतात. लिपी ही माणसांची कमिटी ठरवते, सिलेबल कमिटी ठरवत नाही.

पण शब्द म्हणजे तरी काय?

सिलेबल मोजायचं ठरलं तरी सुटका नाही. कारण एका शब्दात किती सिलेबल हे सांगायला आधी शब्द कुठे संपतो ते कळायला हवं. आपण म्हणू, स्पेस दिसली की संपला.

तेच जाहीरनाम्याचं वाक्य पुन्हा बघा. त्यात 'पोउ' हा माणसासाठीचा शब्द दुप्पट करून 'पोउपोउ' असा दोनदा आलाय. अर्थ 'प्रत्येक जण', आपल्या 'घरोघरी', 'दारोदारी'सारखी रचना. गंमत अशी की वाक्याच्या सुरुवातीला तो स्पेस देऊन दोन शब्दांत छापलाय आणि पुढे त्याच वाक्यात जोडून एका शब्दात.

छापलंय तसं मोजलं तर 13 शब्दांपैकी 7 एका सिलेबलचे आणि 6 दोनचे. सरासरी 1.46.

दोन्ही ठिकाणी जोडला तर 12 शब्द. एका सिलेबलचे 5, दोनचे 7. सरासरी 1.58. बहुमत फिरलं.

दोन्ही ठिकाणी तोडला तर 14 शब्द. एका सिलेबलचे 9, दोनचे 5. सरासरी 1.36.

एका स्पेसवर निकाल बदलतो. एवढ्या छोट्या वाक्यात हा फरक ठळक दिसतो, मोठ्या मजकुरात तो पसरतो, पण जात नाही. कारण च्वांगमध्ये असे जोड पावलोपावली आहेत. प्राण्यांच्या नावाआधी 'तू' लावतात. 'मा' म्हणजे कुत्रा आणि 'तूमा' म्हणजेही कुत्राच. झाडांच्या नावाआधी 'को' येतो, माणसांच्या गटाआधी 'पोउ'. च्वांग माणूस म्हणजे 'पोउशुएंग'. यातला पहिला तुकडा वेगळा शब्द धरायचा की पुढच्याचाच भाग? प्रमाण लेखनात तो बहुतेकदा जोडतात. मोजणाऱ्याला एक नियम ठरवून शेवटपर्यंत पाळावा लागतो, आणि दोन संशोधकांचे नियम वेगळे असले तर त्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

जुन्या लिखाणात तर हा आधारही नाही. रोमन लिपीच्या कितीतरी आधीपासून च्वांग लोक चिनी अक्षरांवर बेतलेली स्वतःची लिपी वापरत होते. तिचं नाव 'सावन्दिप', शब्दशः अर्थ 'कच्ची अक्षरं'. 'न्दिप' म्हणजे न शिजलेलं. तिचा कोश 1989 मध्ये निघाला, त्यात 5 हजारांच्या आसपास मुख्य अक्षरं आहेत. एक अक्षर साधारण एक सिलेबल, आणि मध्ये स्पेस नाहीच. म्हणजे सिलेबल आयती मोजून मिळतात, पण शब्द कुठे तुटतो हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं.

मोजण्याचा नाद लागला कुठून?

शब्दांची लांबी मोजून त्यातून काही कळेल ही कल्पना तशी जुनी. 1851 मध्ये ब्रिटिश गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांनी एका पत्रात सुचवलं होतं की लेखकाच्या शब्दांची सरासरी लांबी मोजली तर मजकूर कोणाचा हे ओळखता येईल. (ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म मदुराईचा, हे जाता जाता.) अमेरिकन शास्त्रज्ञ टी. सी. मेंडेनहॉल यांनी 1887 मध्ये खरोखरच वेगवेगळ्या लेखकांचे आलेख काढले. नंतर त्यांनी शेक्सपियरही मोजायला घेतला. त्यासाठी माणसं बसवून लाखो शब्द हाताने मोजले गेले.

विसाव्या शतकात प्रश्न बदलला. लेखक कोण यापेक्षा भाषेचा स्वतःचा काही साचा असतो का, हे लोक शोधू लागले. रशियन संशोधक चेबानोव यांनी 1947 मध्ये आणि जर्मन भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म फुक्स यांनी 1950 च्या दशकात 'पॉयसन' नावाचं सूत्र शब्दांना लावून पाहिलं. हेच सूत्र एका तासात किती फोन येतील असल्या अंदाजासाठी वापरतात.

सूत्राची ताकद अशी की त्याला फक्त सरासरी सांगायची. एका सिलेबलचे किती, दोनचे किती, तीनचे किती, हे ते स्वतः सांगतं. शब्दाला किमान एक सिलेबल असतंच, म्हणून सूत्र एकपासून सुरू करतात.

आपल्या 13 शब्दांच्या वाक्याला हे लावून बघू. सरासरी 1.46 दिली की सूत्र म्हणतं, एका सिलेबलचे साधारण 8 शब्द असावेत, दोनचे 4 आणि तीनचा 1. प्रत्यक्षात आहेत 7, 6 आणि शून्य. म्हणजे दोन सिलेबलचे शब्द अपेक्षेपेक्षा जास्त आणि तीनचे गायब.

एका वाक्यावरून भाषेचा निकाल लावता येत नाही, 13 शब्दांत काहीही होऊ शकतं. त्यासाठी हजारो शब्दांचे मजकूर लागतात. पण ही चूक कोणत्या दिशेला झाली ते महत्त्वाचं आहे, कारण च्वांगची घडणच तशी आहे. मूळ शब्द एका सिलेबलचा. नवा शब्द हवा असला की दोन मुळं जोडायची आणि बहुतेकदा तिथेच थांबायचं. 'ला' म्हणजे खाली, 'बुन' म्हणजे आकाश, 'लाबुन' म्हणजे आकाशाखालचं सगळं, जग. 'पो' वडील, 'मे' आई, 'पोमे' म्हणजे आईवडील. थोरलं भावंड आणि धाकटं भावंड हे दोन शब्द जोडले की 'भावंडं'. मराठीसारखे प्रत्यय इथे नाहीत. आपण 'घर'चं 'घरातल्यांनासुद्धा' करू शकतो, एका सिलेबलचं सात-आठ सिलेबलपर्यंत नेतो. च्वांगमध्ये तशी शिडीच नाही. म्हणून आलेख एकवर आणि दोनवर उंच असतो आणि मग कड्यासारखा खाली येतो.

लांबी वाढते ती उसनवारीत

वाक्यातले ते दोन सिलेबलचे सहा शब्द कोणते ते बघितलं तर आणखी एक गोष्ट दिसते. 'लाबुन' आणि 'पोउपोउ' हे दोन घरचे. बाकीचे चार, म्हणजे स्वातंत्र्य, प्रतिष्ठा, अधिकार आणि समान यांच्यासाठीचे शब्द, चिनी भाषेतून आलेले आहेत. आधुनिक चिनीत असे शब्द बहुतेक दोन सिलेबलचे असतात, ते तसेच्या तसे च्वांगमध्ये उतरले.

म्हणजे मजकूर कशाबद्दल आहे यावर लांबी ठरते. सरकारी बातमी, कायदा, भाषण घेतलं की चिनी शब्द वाढतात आणि सरासरी वर सरकते. आजीची गोष्ट घेतली की खाली येते. मराठीत 'पाणी' आणि 'जलसंधारण', 'काम' आणि 'कार्यवाही' यांचं जे होतं तेच. फक्त आपल्याकडे लांब शब्द संस्कृतातून येतात, त्यांच्याकडे चिनीतून.

सगळी उसनवारी लांब असते असंही नाही. नोटेवरचे 'इत' आणि 'पाक' हेसुद्धा मुळात चिनीच, पण शेकडो वर्षांपूर्वी आलेले. तेव्हाच्या चिनीत शब्दच एका सिलेबलचे असायचे. त्यामुळे शब्दाची लांबी बघून तो जुना पाहुणा आहे की नवा, याचाही थोडा अंदाज येतो.

लोकगीतांचं वेगळंच आहे. च्वांग लोकांमध्ये गाण्यातून सवाल-जवाब करायची मोठी परंपरा आहे. चांद्र कॅलेंडरच्या तिसऱ्या महिन्यातल्या तिसऱ्या दिवशी गाण्यांचा सण असतो आणि 2014 पासून क्वांग्शीत त्याची सार्वजनिक सुट्टी आहे. ही गाणी बहुतेकदा पाच किंवा सात सिलेबलच्या ओळीत बांधतात, आणि एका ओळीच्या शेवटाचं यमक पुढच्या ओळीच्या पोटात जुळवतात. पाच सिलेबलमध्ये आशय बसवायचा म्हणजे जादा 'तू' आणि 'को' गाळावे लागतात. त्यामुळे गाण्यांतून काढलेली सरासरी रोजच्या बोलण्याची म्हणून सांगितली तर ती फसवी ठरेल.

जास्त वापर, कमी लांबी

अमेरिकन भाषाभ्यासक जॉर्ज झिफ यांनी 1930 च्या दशकात मांडलेला एक नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो : जो शब्द जास्त वापरला जातो तो आखूड असतो. 'टेलिव्हिजन'चा 'टीव्ही' होतो तो यामुळेच. 2016 मध्ये क्रिश्चन बेंट्झ आणि रामोन फेरर-इ-कांचो यांनी जवळपास 1000 भाषांचे मजकूर तपासले, तेव्हा हा कल सगळीकडे सापडला.

च्वांगमध्ये अडचण अशी की वारंवार येणारे शब्द आधीच एका सिलेबलवर आहेत. वाक्यातले 'आणि', 'तर', 'असणं', 'येणं' यांच्यासाठीचे सगळे शब्द एकाच सिलेबलचे. त्याहून आखूड काय करणार? म्हणून इथे नियम दिसतो तो एक विरुद्ध दोन एवढ्याच खेळात. शब्दकोश उघडला तर दोन सिलेबलचे जोडशब्द पानोपानी भेटतात, पण वाक्य बोललं की तेच ते एका सिलेबलचे शब्द पुन्हा पुन्हा येतात. कोशातून काढलेली सरासरी आणि बोलण्यातून काढलेली सरासरी म्हणून जुळत नाही. दोन्ही बरोबर असतात, प्रश्न वेगळे असतात.

आखूड शब्द म्हणजे मागासलेली भाषा?

हे मुद्दाम सांगायला हवं, कारण एकेकाळी गंभीर अभ्यासक हे मानायचे. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट श्लायशर यांच्यासारख्या युरोपीय विद्वानांनी भाषांची उतरंड लावली होती. एका सिलेबलच्या, प्रत्यय नसलेल्या भाषा सगळ्यात खालच्या पायरीवर आणि संस्कृत, ग्रीक, लॅटिन सगळ्यात वर. संस्कृतचं नाव वर असल्यामुळे आपल्याकडे या उतरंडीबद्दल फारशी तक्रार झाली नाही.

मोजमापाने ही समजूत मोडीत काढली. च्वांगचं एक सिलेबल रिकामं नसतं. सुरुवातीला 22 पैकी एक व्यंजन, पुढे स्वर आणि शेवटाच्या 108 जोड्या, वर सुरांचे प्रकार. सगळी जुळणी प्रत्यक्षात वापरात नसली तरी एका सिलेबलमध्ये वेगवेगळे शब्द बनवायला हजारो जागा मिळतात. हवाईयन भाषेत व्यंजनं अवघी आठ आणि सूर नाहीत, म्हणून तिथे शब्द लांबवावा लागतो. डॅनिएल नेटल यांनी 1995 मध्ये दहा भाषा घेऊन हाच संबंध दाखवला : ध्वनींचा साठा मोठा, तर शब्द आखूड.

2019 मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात 17 भाषांचा अभ्यास आला. त्यात च्वांग नव्हती, पण तिची बहीण थाई होती. जपानी लोक भरभर बोलतात, थाई लोक त्या मानाने बरेच सावकाश. पण थाईच्या एका सिलेबलमध्ये माहिती जास्त भरलेली असते. गुणाकार केला की सगळ्या भाषा सेकंदाला साधारण 39 बिट्सच्या आसपास येतात.

मग हे सगळं मोजून उपयोग काय?

च्वांगसारख्या भाषेसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. मोबाईलचा कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो, सर्च इंजिन शब्द शोधतं, भाषांतराचं सॉफ्टवेअर वाक्याचे तुकडे करतं. ही सगळी यंत्रं आधी शब्द तोडतात, मग मोजतात. 'पोउपोउ' एक की दोन हे ठरलेलं नसेल तर एकाच शब्दाच्या दोन नोंदी होतात आणि दोन्ही अर्धवट राहतात. इंग्रजीकडे इतका मजकूर आहे की अशा चुका बुडून जातात. च्वांगचं विकिपीडिया आहे, पण छोटं. इंटरनेटवरचा मजकूर थोडा, त्यामुळे प्रत्येक चूक डोळ्यावर येते. सुराचं अक्षर टाईप करायचं राहिलं तर घोड्याचा कुत्रा होतो आणि स्पेलचेकला ते चूकही वाटत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

1982 च्या बदलाचा मात्र इथे एक अनपेक्षित फायदा झाला. साधी 26 अक्षरं असल्यामुळे च्वांग कुठल्याही इंग्रजी कीबोर्डवर टाईप होते, वेगळा फॉन्ट लागत नाही. मराठीत जुन्या फॉन्टमधल्या फाईल उघडताना ज्यांनी डोकं आपटलंय त्यांना याची किंमत कळेल.

1957 ते 1982 मध्ये छापलेली पुस्तकं मात्र जुन्या चिन्हांतच आहेत. ती संगणकावर आणायची म्हणून आकड्यांसारखी दिसणारी दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या सुराची अक्षरं युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे नोंदवलेली आहेत. तिसऱ्या आणि चौथ्या सुरासाठी रशियन लिपीतली अक्षरं उसनी घ्यावी लागतात. अशा पुस्तकातला आणि आजच्या बातमीतला शब्द शेजारी ठेवून रोमन अक्षरांत लांबी मोजायची असेल, तर आधी एकाचं स्पेलिंग दुसऱ्यात बदलून घ्यावं लागतं.